दातात धरायचा टॉर्च

"दाखवा बघू, यातला दातात कुठला नीट बसेल?" मी असं विचारलं तेव्हा हार्डवेअरवाल्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, टॉर्च आहे तो. मक्याचं कणीस नाही."

एरवी मी त्याला सोडलं नसतं, पण त्या दिवशी भांडायचं त्राण नव्हतं. मी त्याला समजावलं. माझे हे लिफ्टचे मेकॅनिक. लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करायचं, दोन्ही हात तारांमध्ये, म्हणून टॉर्च कायम दातात. अठ्ठावीस वर्षांत यांनी किती टॉर्च चावून संपवले, देव जाणे. "कामावर तोंड बंद असतं, म्हणून तर घरी एवढी बडबड करतो," हे यांचं ठरलेलं वाक्य.

चार महिन्यांपूर्वी कामावरच अर्धांगवायूचा झटका आला आणि तोंडातला टॉर्च लिफ्टच्या खड्ड्यात पडला. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले. डाव्या जबड्यात मात्र अजून जोर नाही. चहा प्यायले की शर्टावर ओघळतो. सोमवारी कामावर जाऊन साहेबांना काम करून दाखवायचंय. जमलं तर ठीक, नाहीतर ते दुसरा माणूस घेणार. यांना वाटतं, नवा टॉर्च मिळाला की झालं.

दुकानदाराने तीन स्वस्तातले छोटे एलईडी टॉर्च काउंटरवर मांडले. एक आखूड पण जाडजूड, लख्ख उजेडाचा. दुसरा पट्ट्याने कपाळाला बांधायचा. तिसरा पेनासारखा सडपातळ, एकाच बारीक सेलवर चालणारा.

"हा न्या," पट्ट्याचा पुढे करत तो म्हणाला. "हातही मोकळे, दातही मोकळे."

शहाण्या बाईने तोच घेतला असता. मला कळत नव्हतं असं नाही. पण तो घरी नेणं म्हणजे यांना तोंडावर सांगणं, की आता तुमच्याने होणार नाही. ते माझ्या जिवावर आलं. चार महिने रोज सकाळी मी यांना "कालच्यापेक्षा आज बरंय हं" म्हणत आले होते, आणि जबडा होता तिथेच होता.

मी तिन्ही तळहातावर तोलून पाहिले. तिसरा सगळ्यांत हलका.

"याहून हलका?"

"याहून हलकी काडेपेटीच, वहिनी."

मी तो रुमालाने पुसला आणि त्याच्यादेखत दातात धरला. चांगला बसला. दुकानदाराने बाकीचे दोन आत ठेवले.

घरी हे मीटरच्या बोर्डापुढे तयारच उभे होते. टॉर्च घेतला, बटण दाबलं, ऐटीत दातात धरला आणि दोन्ही हात वर नेले. उजेड बोर्डावरून घसरत भिंतीवर आला आणि टॉर्च फरशीवर पडला. मी उचलून दिला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा डोळे मिटून, मान ताठ करून धरला. लाळ हनुवटीवर आली, तरी पडलाच.

या वेळी हे स्वतःच वाकले. टॉर्च उचलून शर्टाला पुसला आणि माझ्याकडे न बघता पुढे केला.

"जड आहे गं हा," म्हणाले. "उद्या जरा हलका आण."

"आणते," मी म्हटलं.