कापलेलं व्हायोलिन

लुदोविकने मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपचं भेंडोळं फळं सुकवायच्या यंत्रातून दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि तान्ह्या बाळाची दुधाची बाटली पाहावी तसं मनगटाला टेकवून पाहिलं.

"झाली भाजून. इतक्या वर्षांची ओल होती, मादाम. तशीच वाजवली असती तर पापुद्रे निघाले असते."

"मग मलाही ठेवा त्यात थोडा वेळ," ओदील म्हणाली.

तूल गावातल्या या गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नव्हती. लुदोविक आठवडाभर लोकांचे दात काढी आणि रविवारी विसरलेल्या बँडच्या तबकड्या. ओदीलच्या 'एक्लूझ नऊ' या बँडची एकुलती एक तबकडी शहात्तर साली निघाली तेव्हा ती बँडवाल्यांच्या आयांनी विकत घेतली होती. आता तिच्यासाठी जपानमधले शौकीन आपसांत भांडत होते.

कोपऱ्यात रेजिस बसला होता, मांडीवर पिवळ्या मिराबेल आलुबुखारांचा टार्ट घेऊन. स्वतः केलेला होता, ते त्याच्या करपलेल्या कडेवरून कळत होतं.

"अजून तुझं ओव्हन तुझं ऐकत नाही वाटतं," ओदीलने मोठ्यांदा म्हटलं.

"माझं कोण ऐकतं? आणि मला तरी कुठे ऐकू येतं!" रेजिसने दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिशात टाकली. "गाणं लागलं की ही नुसती शिट्ट्या मारतात." मग त्याने खुर्ची ओढून स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवला. हल्ली तो संगीत असं ऐकत असे.

लुदोविकने नव्या आवृत्तीबरोबर द्यायची पुस्तिका ओदीलपुढे धरली. छापून आलेली, चकचकीत. पहिल्याच पानावर ठळक ओळ होती: 'गिटारवाल्याने कापलेलं व्हायोलिन, प्रथमच संपूर्ण.'

"मागणी या ओळीमुळेच आलीय, मादाम."

ती खोटी म्हणावी असं कुणाला वाटलं नसतं. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या रचनेत व्हायोलिन उठतं, दोन श्वास घेतं आणि दार आपटावं तशी गिटार सुरू होते. मधली चार मिनिटं कुठे गेली हे ओदीलने आधी एका वार्ताहराला सांगितलं, मग विचारील त्याला, मग न विचारणाऱ्यालाही. गिटार रेजिसची, बँड रेजिसचा, कात्रीही रेजिसचीच. रेजिस सुरुवातीला नाही म्हणाला. मग ओरडून नाही म्हणाला, त्यामुळे लोकांची खात्रीच पटली. बँड मोडला, तो गाडी शिकवू लागला, ती शाळेतल्या पोरांना व्हायोलिन. बेसवाला वारला तेव्हा रेजिसला कुणी कळवलंसुद्धा नाही. गेल्या वर्षी त्याने हात टेकले: असेल, कापलं असेल मी.

टेप फिरू लागली.

व्हायोलिन उठलं. दोन श्वास. गिटार आली नाही.

ओदील खुर्चीत पुढे सरकली. पंचविशीतली ती पोरगी कुणाला न जुमानता वाजवत होती. मध्येच एक सूर घसरला, सरळ सरळ बेसूर लागला. पण तिने तो सोडला नाही, तसाच ओढत नेला आणि त्याचीच वाट करून घेतली. लुदोविकने डोळे मिटले. खोक्यावरची रेजिसची बोटं हलकेच थरथरत होती.

मग वाद्यं थांबली. टेप थांबली नव्हती.

"कापा हे!" एक मुलगी हसत, धापा टाकत म्हणाली. "तो सूर ऐकलात? आमच्या सरांच्या कानावर गेलं तर मला वर्गातून हाकलतील."

"वेडी आहेस का?" तरुण रेजिसचा आवाज. "असलं मला जन्मात जमणार नाही. ठेवू या गं."

"कापा म्हणतेय ना. नाहीतर मी चालले."

"बरं बाई, कापतो. पण उद्या माझ्या नावावर ढकलू नकोस."

"नाही रे!"

आणि पुन्हा ते हसणं. शब्दांच्याही आधी ओदीलने ते ओळखलं होतं. तिचा हात जबड्याखालच्या, व्हायोलिनने पाडलेल्या जुन्या वणाकडे गेला आणि तिथेच राहिला.

लुदोविकने यंत्र बंद केलं. त्याने पुस्तिकेकडे पाहिलं, रेजिसकडे पाहिलं, शेवटी तिच्याकडे.

"हे... बोलणं," तो हळूच म्हणाला. हळू बोलायची काही गरज नव्हती. "लोकांना असलं आवडतं खरं तर."

"पुस्तिका किती छापल्यात?"

"सगळ्याच."

ओदीलने पुस्तिका पालथी करून ठेवली.

"काय झालं?" रेजिसने विचारलं. "वाजवणं संपल्यावर हाताला गुदगुल्या झाल्या. कोण बोलत होतं? मी होतो का?"

ओदील उठून त्याच्यासमोर वाकली. ओठ त्याला नीट दिसावेत म्हणून तिने एकेक शब्द सुटा केला.

"काही नाही. सूर लावत होतो आपण."

"आणि वाजवलंयस कसं?"

"चांगलं."

रेजिसचे डोळे भरून आले. "मग मी गाढवच होतो गं. जळलो असणार तुझ्यावर. माफ कर."

"जाऊ दे. जुनं झालं ते."

तिने लुदोविककडे न बघताच दोन बोटांनी हवेत कात्री चालवून दाखवली. त्याने संगणकाच्या पडद्यावर उतरलेल्या त्या बोलण्यावरून निळी पट्टी ओढली आणि एक कळ दाबली.

ओदीलने टार्ट कापला. करपलेली कड स्वतःकडे ठेवली आणि मधला मोठा तुकडा रेजिसला दिला. त्याने तो डाव्या हाताने घेतला. उजवा अजून खोक्यावर होता.

"आता हाताला काहीच लागत नाही," तो म्हणाला.