चालत गेलेले सतरा जण

"नारळाला कोणी ढकललं?" लेसिएलीबाईंनी विचारलं.

वर्गाबाहेरच्या मोकळ्या जागेत एकतीस मुलं कोंडाळं करून उभी होती. मधोमध एकचाकी हातगाडी दगडाला अडून थांबलेली, आणि तिच्यातला नारळ चार हात पुढे उडून गवतात पडलेला. बाईंना धाप लागली होती. चोपन्नाव्या वर्षी हातगाडी पळवत आणून दगडावर आदळणं काही सोपं नव्हतं.

"तुम्हीच ढकललात, बाई."

"मी गाडी ढकलली. गाडी तर थांबली. मग नारळ का नाही थांबला?"

कुणी वाऱ्याचं नाव घेतलं, कुणी दगडाचं. एकजण म्हणाला, नारळ हलका म्हणून. मागून अकानेसीचा आवाज आला, "नारळाला थांबायला कोणी सांगितलंच नाही ना."

पोरं खिदळली. अकानेसी लांब पायांची, किडकिडीत. वर्गात बोलायची कमी, आणि बोलली की असंच काहीतरी बोलायची. एरवी असं उत्तर मिळालं असतं तर बाईंचा सबंध दिवस आनंदात गेला असता. सव्वीस वर्षं त्या एउआ बेटावरच्या या शाळेत विज्ञान शिकवत होत्या आणि बल आणि गती हा त्यांचा सगळ्यांत लाडका धडा होता. आज मात्र त्या नुसत्या नारळाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात घंटा झाली. घंटा म्हणजे झाडाला टांगलेलं गॅसचं रिकामं नळकांडं. पोरं वह्या घ्यायला धावली.

"उद्या ट्रकच्या फाळक्याजवळ मी उभा राहणार!"

"जा रे! मागच्या वर्षी पण तूच होतास. तिथे काय मस्त वारा लागतो!"

दुसऱ्या दिवशी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नऊ किलोमीटरवरच्या मैदानात, सगळ्या शाळांच्या शर्यती होत्या. दरवर्षीप्रमाणे गावातल्या पेनिसिमानीचा ट्रक येणार, साठ-सत्तर पोरं हौद्यात उभी राहणार आणि गात गात जाणार. शिक्षक केबिनमध्ये. लेसिएलीबाई सव्वीस वर्षं केबिनमध्येच बसून गेल्या होत्या. सकाळी नारळ उडवून दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरांना त्याच हौद्यात उभं करून आपण गादीवर बसायचं, यात काही विसंगत आहे हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

ते डोक्यात आलं मोसेसेमुळे. मोसेसे त्यांचा जुना विद्यार्थी, एकोणीस वर्षांचा. गेल्या नोव्हेंबरात चर्चच्या गायकमंडळाबरोबर याच ट्रकमधून परत येत होता. रस्त्यात डुक्कर आडवं आलं, पेनिसिमानीने करकचून ब्रेक मारला आणि कठड्याला टेकून उभा असलेला मोसेसे पुढे उडाला. तेव्हापासून त्याचे पाय हलत नव्हते. बाई त्याला भेटायला गेल्या तेव्हा तो चटईवर उताणा पडला होता. त्यांना बघून हसला आणि म्हणाला, "बाई, हवेत होतो ना, तेव्हा मला तुमचा नारळ आठवला. खरंच. म्हटलं, अरे, हे तर मला येतंय."

परीक्षेत त्याला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते.

त्या दिवसापासून बाईंना एका जागी बसवत नव्हतं. जेवताना उठत, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना उठून दाराशी जाऊन उभ्या राहत. ट्रकचा आवाज आला की हातातलं काम सोडून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहत.

घंटा झाल्यावर त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

विलिसोनी सर काळी लुंगी नेसून, कमरेला बेटावरच्या रिवाजाप्रमाणे चटई गुंडाळून खुर्चीत बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "आत्ता सांगताय? उद्या शर्यती आहेत."

"पोरांना खाली बसवून नेऊ. तीन खेपांत."

"तीन खेपा करायला वेळ कुठे आहे? आठला संचलन आहे."

"मग माझा वर्ग चालत नेते."

सरांनी चष्मा काढला. "लेसिएली, जरा विचार करा. पेनिसिमानी आधीच अर्धा झालाय. त्याच्या ट्रकमध्ये पोरं चढवली नाहीत तर गावाला काय वाटेल? तुम्ही त्याला भर रस्त्यात गुन्हेगार ठरवताय."

"मी त्याचं नावसुद्धा घेत नाही."

"घ्यायची गरजच नाही. तुम्ही चालत निघालात की झालं."

"मग निदान अकानेसीला केबिनमध्ये बसवा. तिची शर्यत आहे. राजधानीहून, नुकुआलोफाहून, निवड करायला माणसं येणार आहेत."

"केबिनमध्ये मी आहे, माझी बायको आहे."

"तुम्ही मागे उभे राहा ना सर, एक दिवस."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मुख्याध्यापकाने पोरांबरोबर हौद्यात उभं राहायचं? बाईंना वाटलं, आता हे ओरडणार. पण ते एवढंच म्हणाले, "ज्यांना चालायचंय त्यांनी चालावं. मी कुणाला ट्रकमधून उतरवणार नाही."

गोष्ट गावात पसरायला तासही लागला नाही. संध्याकाळी बाई अंगणात फणसासारखं दिसणारं ते ब्रेडफ्रूट निखाऱ्यावर भाजत होत्या, तेवढ्यात पेनिसिमानी आला. चाळिशीचा, पहाडासारखा माणूस. येऊन कुंपणापाशी थांबला, आत आला नाही.

"बाई, मी खुनी आहे का?"

"आत ये. बस."

"बसत नाही. विचारलं त्याचं उत्तर द्या."

"नाहीस."

"मग? डुकराला मी बोलावलं होतं? ब्रेक नसता मारला तर ट्रक खड्ड्यात गेला असता, वीसच्या वीस गेले असते."

"ब्रेक मारलास ते बरोबरच होतं."

"मग चुकलं कुठे?"

बाई चिमट्याने ब्रेडफ्रूट उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "नारळाचा धडा मी तुलाही शिकवला होता."

"मी नापास झालो होतो तुमच्या विषयात," पेनिसिमानी म्हणाला. हसेल असं वाटलं, पण हसला नाही. "दर रविवारी मी मोसेसेच्या घरी यामचे कंद आणि मासे नेऊन देतो. त्याची आई दार उघडते, टोपली घेते, माझ्याशी बोलते. तिने मला माफ केलं. आणि तुम्ही माझ्या दारावरून पोरांची वरात काढणार."

तो गेला. ब्रेडफ्रूट एका बाजूने करपलं. बाईंनी ते तसंच ठेवलं आणि डोक्यावरून ओढणी घेऊन त्या अकानेसीच्या घरी गेल्या.

अकानेसीची आई लोसालीन चटई विणत होती. पाच पोरांची आई, नवरा ऑस्ट्रेलियात फळबागेत. अकानेसी ही तिच्या घरातली पहिली मुलगी, जिला बेटाबाहेर शिकायला जायची संधी दिसत होती. चारशे मीटरमध्ये पहिल्या दोघींना राजधानीतल्या मोठ्या शाळेत फुकट राहणं-शिकणं.

"नऊ किलोमीटर चालून तिने पळायचं?" लोसालीनने विणकामावरून नजर काढली नाही. "तुला मूलबाळ नाही म्हणून तुला हे सुचतं."

हे बाईंना लागलं. पण त्या रागावल्या नाहीत. "तेच सांगायला आले. तिला ट्रकनेच पाठव. फक्त मधोमध उभी राहू दे. फाळक्याजवळ नको."

लोसालीनने मान वर केली. "म्हणजे बाकीच्यांची पोरं चालत, आणि माझ्या पोरीला तू स्वतः ट्रकमध्ये बसवतेस?"

"तिची शर्यत आहे, लोसालीन."

"मग ठीक आहे," लोसालीन म्हणाली. घराच्या कोपऱ्यात अकानेसी वही उघडून बसली होती. तिने सगळं ऐकलं.

पहाटे साडेपाचला बाई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. कुणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं. पण एकेक करत सोळाजण आले. कुणी डब्यात अळूच्या पानांत शिजवलेलं खारं गोमांस आणलं होतं, कुणी नुसता उसाचा तुकडा. काहींना आयांनी पाठवलं होतं, काही गंमत म्हणून आले होते. सतरावी अकानेसी, पळायचे बूट हातात घेऊन अनवाणी.

"तू इथे काय करतेस? घरी जा. ट्रक सातला निघतो."

"मी चालते."

"अकानेसी, माझं ऐक. तू ट्रकने जा."

"मग बाकीच्यांनी का नाही जायचं?"

रात्रभर बाईंनी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि प्रत्येक वेळी कूस बदलली होती. सोळा पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आई ओरडेल," त्या शेवटी म्हणाल्या.

"ओरडली," अकानेसी म्हणाली आणि चालायला लागली.

पहिले चार किलोमीटर मजेत गेले. मग चढ लागला. पांढऱ्या चुनखडीच्या रस्त्यावर ऊन परतून डोळ्यांत जात होतं. बाईंचा डावा गुडघा बोलायला लागला. त्या सारख्या मागे वळून बघत होत्या, घड्याळ बघत होत्या, पोरं मोजत होत्या, पुन्हा मोजत होत्या. अकानेसीला म्हणत होत्या, "सावकाश चाल, पाय दमवू नकोस," आणि लगेच, "पण चल गं, उशीर होईल."

सव्वासातला मागून ट्रकचा आवाज आला. गाण्याचाही. बाईंनी सगळ्यांना गवतात उतरवलं. ट्रक धूळ उडवत शेजारून गेला. हौद्यात खच्चून भरलेली पोरं हात हलवत होती, फाळक्याजवळचा एकजण एका हाताने कठडा धरून ओरडला, "नारळ निघाले बघा चालत!" केबिनमध्ये विलिसोनी सर समोर बघत होते. पेनिसिमानीने हॉर्न वाजवला नाही की वेगही कमी केला नाही. पुढच्या वळणावर ब्रेकचे दिवे लागले. हौद्यातली पोरं एकदम पुढे कलली, पुन्हा सरळ झाली, आणि गाणं तसंच चालू राहिलं.

ट्रक सुखरूप पोचला. काहीही झालं नाही.

शर्यत साडेदहाला होती. अकानेसी तीनशे मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. बाई मैदानाच्या कडेची दोरी धरून उभ्या होत्या. मग शेवटच्या वळणावर अकानेसीचे पाय जड झालेले सगळ्या मैदानाला दिसले. एक मुलगी तिच्या पुढे गेली, मग दुसरी, मग अगदी रेषेजवळ तिसरी. अकानेसी चौथी आली.

निवड करायला आलेल्या बाईंनी वहीत दोन नावं लिहिली आणि वही मिटली.

लेसिएलीबाई त्यांच्याकडे गेल्या. "ही मुलगी नऊ किलोमीटर चालून आली होती. माझ्यामुळे. पुन्हा एकदा तिला पळवून बघा."

त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चालत का आली? तुमच्या शाळेचा ट्रक तर बाहेर उभा आहे."

लेसिएलीबाईंनी सांगायचा प्रयत्न केला. जडत्व म्हणाल्या, ब्रेक म्हणाल्या, मोसेसेचं नाव घेतलं. बोलता बोलता त्यांनाच ते सगळं लांबचं वाटायला लागलं. आजूबाजूला दोनशे पोरं धडधाकट हुंदडत होती. त्या बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू," आणि पुढच्या शर्यतीकडे वळल्या.

दुपारी परत निघताना सहाजणांचे पाय सोलपटले होते. पेनिसिमानी ट्रकपाशी उभा होता. बाई त्या सहाजणांना घेऊन त्याच्याकडे गेल्या.

"यांना ने. खाली बसव, केबिनला पाठ टेकून."

"तुमच्या हुकमाने?" तो म्हणाला.

"विनंती आहे."

त्याने एकेकाला उचलून हौद्यात चढवलं. मग बाईंकडे न बघता म्हणाला, "बसवतो. पण बाकीचे बसणार नाहीत, बाई. जागा कुठे आहे?"

उरलेले अकराजण चालत निघाले. अर्ध्या वाटेत ट्रक त्यांच्या शेजारून गेला. सकाळसारखाच भरलेला, सकाळसारखीच पोरं उभी, गाणं वेगळं. खाली बसलेले सहाजण उभ्या पायांच्या मागे कुठे दिसले नाहीत. बाई रस्त्याच्या कडेला थांबून डोकी मोजत राहिल्या. ट्रक टेकडीपलीकडे गेल्यावरही त्या आवाज ऐकत उभ्या होत्या.

"पोचेल नीट," अकानेसी म्हणाली. "सकाळी पोचला तसा."

"हो."

"मग आपण चुकलो का, बाई?"

"माहीत नाही गं."

"तुम्हाला माहीत नाही?"

"काही झालं नाही याचं मला बरं वाटतंय. आणि तुझी शर्यत गेली ती माझ्यामुळे गेली. एवढंच माहीत आहे."

अकानेसी म्हणाली, "मी माझ्या पायांनी आले होते."

गावातला धूर दिसायला लागला तशी बाकीची पोरं उतारावरून पळत सुटली. बाईंना उतार चढापेक्षा जास्त दुखत होता. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अकानेसीला म्हणाल्या, "जा तू पुढे. आई वाट बघत असेल."

लोसालीन वळणावर उभी होतीच, कमरेवर हात ठेवून. तिने दोघींना पाहिलं, पण हाक मारली नाही. अकानेसीनेही आईला पाहिलं. तरी तिने पाऊल लांब टाकलं नाही. बाईंची पिशवी खांद्यावर घेऊन, त्यांच्या गुडघ्याला झेपेल तेवढ्याच वेगाने ती उतार उतरत राहिली.