तुम्ही पोहोचलात

मी या संग्रहालयातला वाटाड्या बोलतोय. गळ्यात अडकवायचं, तळहाताएवढं करडं यंत्र. बॅटरी आता तासभरही धरत नाही, तेव्हा दम खात खात सांगतो.

माझा पहिला जन्म पुठ्ठ्याचा. मला घडवणाऱ्या तूलिक्की नावाच्या मुलीने पुठ्ठ्यावर स्क्रीनची कागदी चित्रं चिकटवली आणि एक आख्खा हिवाळा ती तळमजल्यावर पाहुण्यांच्या मागे वही घेऊन फिरली. कोण कुठे अडखळतं, कोण कुठे वळतं, सगळं तिने टिपलं. मग मला काच मिळाली, आवाज मिळाला आणि एक लाल बटण मिळालं, 'वाट चुकलात?' असं विचारणारं. ते दाबलं की घंटा वाजायची आणि दालनं सांभाळणारी राइली मदतीला यायची.

संग्रहालय आहे जुन्या सूतगिरणीत. हातभर जाडीच्या विटांच्या भिंती. त्यांच्याआड मला जागा बरोबर कळते, पण मजला कळत नाही. हा माझा जन्माचा दोष. तीन वर्षं तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

"घंटा वाजत नाही, म्हणजे कुणी चुकत नाही," एका गुरुवारी कॉफी पिताना तूलिक्की समाधानाने म्हणाली.

राइलीने वेलचीचा पाव कॉफीत बुडवला. "वाजली की एकदा. सफाईचं फडकं लागून."

"मग चांगलंच आहे ना?"

"अगं, आपल्याकडचा माणूस कमरेपर्यंत बर्फात रुतला तरी म्हणतो, जरा हवा खात उभा आहे. तो तुझी घंटा वाजवणार?"

तूलिक्की हसली, असं राइलीने नंतर सांगितलं. मी तेव्हा हसण्याच्या स्थितीत नव्हतो. मी तौनोच्या गळ्यात होतो.

तौनो शहाऐंशी वर्षांचा. इस्त्रीचा कोट घालून आला होता. भिंतीवर टांगायचा एक लोकरी गालिचा त्याच्या बायकोने, हिल्काने, दोन हिवाळे खपून विणला होता. हिल्का गेल्या वर्षी गेली. उजेडाने लोकरीचे रंग उडतात, म्हणून तो गालिचा उद्यापासून पाच वर्षं अंधाऱ्या कोठीत जाणार होता. तौनोने माझ्या यादीत तिचं नाव शोधलं आणि हळूच बोट टेकवलं.

मी त्याला एक जिना चढवून नेलं. "तुम्ही पोहोचलात," मी म्हणालो.

समोर कोरी भिंत आणि आग विझवायचं नळकांडं. गालिचा होता बरोबर डोक्यावर, आणखी एक मजला वर.

तो मागे दालनाच्या दारापर्यंत गेला, नव्याने निघाला. "तुम्ही पोहोचलात." पुन्हा गेला, पुन्हा आला. "तुम्ही पोहोचलात." स्वतःच्याच आवाजाचा मला वीट आला. त्याचा अंगठा लाल बटणावर आला आणि बाजूला झाला.

"नेला वाटतं काढून," तो पुटपुटला आणि टोपी घालू लागला. बंद व्हायला पाव तास उरला होता.

कॉफीच्या खोलीच्या काचेतून दोघींनी ते पाहिलं. तूलिक्की ताडकन उठली. "मी विचारते त्यांना."

राइलीने तिची बाही धरली. "विचारलंस तर 'सगळं ठीक आहे' म्हणेल आणि घरी जाईल. बस तू."

ती किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्याच्या जवळून गेली. त्याच्याकडे पाहिलंही नाही. खिडकीला सांगावं तशी म्हणाली, "चला, बंद करायच्या आधी वरचे गालिचे बघून यावेत." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढू लागली. किल्ल्या वाजत राहिल्या. तीन पायऱ्यांचं अंतर ठेवून तौनो मागोमाग निघाला.

वर शेवाळी आणि तांबडा, असा तो गालिचा. तौनोने टोपी काढली.

"उजव्या कोपऱ्यात एक ओळ चुकलीय," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, उसव. ती म्हणाली, असू दे, तुला ओळखायला बरं."

"तुम्ही पोहोचलात," मी म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदा ते खरं होतं.

तूलिक्कीने वही उघडली आणि लाल बटणावर काट मारली. आताच्या नव्या यंत्रांना लाल बटण नाही. कुणी एकाच जागी तीनदा फिरलं, तर ती काही विचारत नाहीत. फक्त जिन्यातला दिवा जरा मोठा करतात.

मी राइलीच्या खणात असतो, पेपरमिंटच्या डबीशेजारी. थकलोय, पण घेतला वसा टाकवत नाही. जाताना तौनोने पाच वर्षांनंतरची तारीख कागदावर लिहून नेली, म्हणून मीही तग धरून आहे.

तुमच्यासमोर कुणी त्याच वळणावर तिसऱ्यांदा दिसलं, तर एवढं करा. त्याला काही विचारू नका. आपल्यालाही तिकडेच जायचंय असं म्हणा आणि चार पावलं पुढे चाला. जरा हळू.