दोन कोऱ्या ओळी

ती सुताराची थोरली मुलगी. गणितात पास झाली तर जमीन मोजणीच्या शिक्षणाला प्रवेश, नाहीतर मावशीच्या दुकानात बटणं विकायची, हे घरात ठरून गेलं होतं.

घोडं अडलं होतं त्रिकोणमितीच्या नित्यसमानतांपाशी. डाव्या बाजूपासून उजवीपर्यंत पायरीपायरीनं जायचं. ही मात्र डावीकडून चार पायऱ्या उतरायची, उत्तराकडून तीन उलट्या चढायची आणि मध्ये बेधडक ‘म्हणून’ लिहून मोकळी व्हायची. चाचणीच्या पेपरात बाईंनी नेमका त्या ‘म्हणून’भोवती लाल गोल काढला.

“काय गं, ही ओळ कुठून आली?”

“आली, बाई.”

“आकाशातून पडली? दोन्ही टोकं बरोबर आहेत, सांधा खोटा आहे. तुझे वडील फटीत भुसा भरून खुर्ची विकतात का?”

वर्ग खो खो हसला. तिचे कान तापले. वडील तसं कधीच करत नसत.

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, “येत नसेल तर दोन ओळी कोऱ्या सोड. कोरी जागा डोळ्यांत खुपत राहते. बुजवलेली तुझी तुलाच दिसत नाही.”

परीक्षेत सेक आणि टॅनचं तसलंच एक पुढ्यात आलं. ‘म्हणून’ लिहायला हात शिवशिवला. तिनं दोन ओळी सोडल्या.

शेवटच्या दहा मिनिटांत ती परत तिथं आली. वरच्या ओळीत एक साधा १ बसला होता, घरातल्या गरीब माणसासारखा, कोणी न विचारलेला. अगं बाई! एक म्हणजेच तर सेक वर्ग वजा टॅन वर्ग! तिनं तो तसा लिहिला, अवयव पाडले, आणि अंशातला कंस छेदाशी तंतोतंत जुळून उडाला. दोन ओळी पुरल्या.

ती काठावर पास झाली. ते एक गणित चुकतं तर बटणंच होती. निकालाच्या दिवशी वडिलांनी बाईंच्या घरी नवी खुर्ची नेऊन ठेवली. “भुसा सापडला तर परत पाठवा,” म्हणाले.

चौतीस वर्षं तिनं जमिनी मोजल्या. मोजमाप जुळलं नाही की वहीत जागा कोरी सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा साखळी घेऊन जायची. सहकारी चिडवायचे, “आली कोरी बाई!”

निवृत्तीनंतर ती बाईंकडे गेली. बाईंना ओळख पटेना.

“मी सुताराची, बाई. त्या दोन ओळी तुम्ही दिल्यात.”

“ओळी तुझ्याच. मी नुसता गोल काढला.” बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “बस त्या खुर्चीत. अजून करकरत नाही मेली.”