चार जागा, चार मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. पण माणसांच्या छातीवर रुबाब करणारा नव्हे. मी आयुष्यभर जनावरांची पोटं ऐकली. आता माझी नळी कडक झाली आहे, कानात घालायच्या दोन बोंडांपैकी एक हरवलं आहे, आणि माझी आठ-नऊ वर्षं एका टेबलाच्या खालच्या खणात गेली आहेत. तुम्ही म्हणाल, हा आता रडगाणं गाणार. नाही गाणार. रडगाणं गायला आतून काहीतरी वाटावं लागतं आणि मला बऱ्याच वर्षांत तसं काही वाटलेलं नाही. जे घडलं तेवढं सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने नळी जोडली, दुसरीने चकती बसवली, तिसरीने चकतीवर पातळ पडदा ताणला. शेवटी बसलेल्या बाईने मला कानात घातलं आणि पडद्यावर नखाने टकटक केली. ऐकू येतंय की नाही याची ती परीक्षा. "हा बोलतो," असं म्हणून तिने मला खोक्यात टाकलं. माझं पहिलं कौतुक ते एवढंच.

मला विकत घेतलं ते गुरांच्या एका तरुण डॉक्टरने. माणूस चांगला होता, जरा बोलघेवडा होता. त्याची एक सवय मला फार आवडायची. जनावराला लावण्याआधी तो माझी चकती तळहातात धरून गरम करायचा. "त्याला आपलं बोलणं कळत नाही," तो म्हणायचा, "पण गार धातू बरोबर कळतो." मग तो ऐकायला लागायचा. घोड्याच्या पोटाला ऐकायच्या चार जागा: डावीकडे वर, डावीकडे खाली, उजवीकडे वर, उजवीकडे खाली. प्रत्येक जागी मनगटावरचं घड्याळ बघून एक मिनिट. एक सेकंद कमी नाही.

बरं असलेलं पोट कधी गप्प बसत नाही, मित्रांनो. गाईचं पोट मिनिटातून एक-दोनदा घुमतं. घोड्याच्या पोटात गुडगुड चालू असते, आणि उजवीकडे वरच्या बाजूला मधूनच टाकीत पाणी सोडल्यासारखा आवाज येतो. बाहेरून कोणाला पत्ता नसतो. मला असायचा.

एकदा एका दूधवाल्याच्या गाडीच्या घोड्याला पोटशूळ उठला. सकाळपासून तो अंगणात लोळत होता, खूर आपटत होता, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होता. डॉक्टरांनी औषध दिलं, टोचलं, दोन तास त्याला फिरवायला लावलं. दुपारी घोडा अचानक शांत उभा राहिला. दूधवाल्याचा आनंद गगनात मावेना.

"सुटला बघा डॉक्टर! तुमच्या हाताला गुण आहे!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला तळहातात गरम केलं आणि चारही जागी लावलं. चार मिनिटं. मी जीव ओतून ऐकलं, पण आत काहीच नव्हतं. रिकाम्या घरात असते तशी शांतता होती.

"हे बघा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "जनावर लोळतंय, पाय झाडतंय, तोवर मी घाबरत नाही. पण ते गप्प उभं राहिलं आणि पोटही गप्प झालं, की समजायचं, आत काहीतरी फाटलं. मग दुखायलाच काही उरत नाही."

दूधवाला पालथ्या बादलीवर बसला. घोडा संध्याकाळी गेला.

हे वाक्य डॉक्टरांनी पुढे शेकडो लोकांना ऐकवलं. गोठ्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला. घरी डॉक्टरीणबाईंना तर ते पाठ होतं. डॉक्टरांनी "जनावर लोळतंय" म्हटलं की त्या आतून ओरडायच्या, "तोवर मी घाबरत नाही!" आणि भाजी चिरत राहायच्या. तीस वर्षांचा संसार होता. दवाखाना पुढे, घर मागे, आणि दोन्हींच्या मधल्या दारात एक खुंटी. त्या खुंटीवर मी. तिथून मला दवाखान्यातलं टेबलही दिसायचं आणि स्वयंपाकघरातला ओटाही.

मग घरात नात आली. डॉक्टरांची लेक नोकरीच्या सोयीसाठी आईवडिलांपाशीच राहायची, जावई परगावी असायचा. बाळ सहा आठवड्यांचं झालं आणि रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रडायला लागलं. गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद. नऊ वाजेपर्यंत घर डोक्यावर. बाळाच्या डॉक्टर तपासून म्हणाल्या, "हिला काहीही झालेलं नाही. पुष्कळ बाळांना होतं असं. तिसरा महिना संपला की आपोआप थांबेल. तोवर तुम्हीच जरा कळ काढा."

डॉक्टरांना मात्र राहवेना. रोज संध्याकाळी ते मला गरम करून त्या इवल्याशा पोटावर ठेवायचे. माझ्या एका चकतीने अर्धं पोट झाकलं जायचं. चार जागा कुठून आणणार? तरी ते ऐकायचे आणि जाहीर करायचे, "कारखाना जोरात चालू आहे! रडतेय ना, मग काळजी नको." नात आजीच्या हातावर पालथी पडली की जरा शांत व्हायची. आजीचा हात रात्रीपर्यंत भरून यायचा, पण बाळ दुसऱ्या कोणाकडे टिकायचं नाही.

या गोंधळात डॉक्टरीणबाईंचं पोट दुखायला लागलं.

तो सोमवार होता. कळ यायची तेव्हा त्या ओट्याची कड घट्ट धरायच्या, डोळे मिटायच्या. कळ गेली की पुन्हा विळी पुढे ओढायच्या. लेकीने एकदा पाहिलं.

"आई, काय होतंय गं?"

"काही नाही, पित्त असेल. तू बाळाला बघ."

दुपारी त्यांना दोनदा उलटी झाली. त्यांनी पाणी ओतलं, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन बाळाचे कपडे वाळत घातले. दुखणं अंगावर काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि ज्या घरात रोज तीन तास कोणी तरी गळा काढून रडतं, त्या घरात न रडणाऱ्याकडे बघायला सवड कोणाला असते?

मंगळवारी दुपारी निरोप आला, की एका गाईने ओला चारा खाल्लाय आणि तिचं पोट फुगून ढोल झालंय. डॉक्टर मला खुंटीवरून काढत होते. तेव्हा डॉक्टरीणबाई ओट्यापाशी उभ्या होत्या.

"अहो, कधी माझंही पोट ऐका की."

"का गं? तू काय घोडी आहेस?"

दोघंही हसले. त्या कुशीवर हात ठेवून हसल्या.

"फार दुखतंय का? उद्या जाऊ मोठ्या दवाखान्यात."

"उद्या बाळाची लस आहे. परवा जाऊ."

"बरं, परवा."

एवढंच बोलणं झालं. खणातल्या काळोखात मी ते पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्यातलं एकही वाक्य वाईट नव्हतं. कोणत्याही घरात कोणत्याही दुपारी बोलतात तसंच ते होतं.

गाय वाचली. डॉक्टरांनी तिच्या पोटातली हवा काढली, मग मला लावलं, आणि पोट पुन्हा घुमायला लागल्याचं मीच त्यांना ऐकवलं. गाईच्या मालकिणीने हात जोडले. चार वाजता आम्ही खुशीत घरी आलो. पाहतो तर डॉक्टरीणबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"गेलं बघा दुखणं," त्या म्हणाल्या. "एकदम गेलं. कसं मोकळं वाटतंय."

"मी नुसतं घोडी म्हटलं तर घाबरून पळालं!" डॉक्टर म्हणाले.

लेक म्हणाली, "सुटलीस बाई!" सगळ्यांना बरं वाटलं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं तुमच्यातच म्हणतात ना? हे दुखणं एका क्षणात गेलं होतं. तेव्हाच कोणाला तरी शंका यायला हवी होती.

सहा वाजले. बाळाने सूर लावला. डॉक्टरीणबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी मला तळहातात गरम करून बाळाच्या पोटावर ठेवलं. बाळाने पाय झाडला आणि मी घसरलो. बाळाच्या पाठीमागे, आजीच्या पोटावर, पातळ कपड्यावर जाऊन टेकलो.

मी ऐकलं. आत काहीच नव्हतं.

डॉक्टरांच्या कानात तीच शांतता गेली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मला उचललं आणि पडद्यावर नखाने टकटक केली.

"याचा पडदा गेला वाटतं," ते म्हणाले. "जुना झालाय. बदलायला हवा."

मग मला पुन्हा बाळाच्या पोटावर ठेवलं. गुडगुड ऐकू आली. "नाही, ठीक आहे. कारखाना चालू आहे," असं म्हणून त्यांनी मला खुंटीला टांगलं.

मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो. दूधवाल्याच्या अंगणात जे ऐकवलं, तेच मी त्यांना ऐकवलं होतं. तिथे त्यांनी ते चार मिनिटं ऐकलं. इथे तीन-चार सेकंद. मला स्वतःचं तोंड नाही. जो कान लावतो त्याच्याच कानात मी बोलतो. त्या संध्याकाळी मी खुंटीवर लोंबत राहिलो आणि डॉक्टरीणबाई हिंडत-फिरत राहिल्या. त्यांनी चहा केला. बाळाला झोपवलं. त्या पुन्हा ओट्याची कड धरून उभ्या राहिल्या नाहीत.

सकाळी त्या चहाला उठल्या नाहीत. चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळ ओलं, पोट लाकडी फळीसारखं टणक. डॉक्टर धावत आले, मला ओढून काढलं आणि त्यांच्या पोटावर ठेवलं. गरम न करता. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. गार चकती टेकली तरी त्या दचकल्या नाहीत. डावीकडे वर. डावीकडे खाली. उजवीकडे वर. चौथ्या जागेपर्यंत डॉक्टर पोचलेच नाहीत. मी त्यांच्या हातातून खाली पडलो. माझं एक बोंड तेव्हाच निसटून कुठे तरी गेलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं. आतड्याला पीळ पडला होता, घोड्याच्या आतड्याला पडतो तसाच. "काल दुपारी दुखायचं अचानक थांबलं का?" त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, "हो." ते म्हणाले, "तेव्हाच फाटलं." तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई गेल्या. हे सगळं मला घरी कळलं, कारण लेक भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच आणि त्याच शब्दांत सांगत होती. डॉक्टर शेजारी बसून असायचे. ते रडले नाहीत. ते वाक्यही पुन्हा कधी त्यांच्या तोंडून आलं नाही.

त्यांनी मला खणात ठेवलं. लोक जनावरं घेऊन यायचे; ते त्यांना दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता सांगायचे. तिसरा महिना संपला आणि बाळाचं रडणं थांबलं, अगदी सांगितल्याप्रमाणे. नेमकं कोणत्या दिवशी थांबलं ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. खणात अंधार होता. रबर न वापरता पडून राहिलं की हळूहळू कडक होतं. त्याचं काही दुखत नाही.

परवा सकाळी खण उघडला.

"आजोबा, पोटात दुखतंय," बाळाचा आवाज आला. बाळ आता नऊ वर्षांचं आहे.

"गणिताची चाचणी असली की दुखतंच हिचं," लेक बाहेरून म्हणाली. "बाबा, तुम्ही नका लक्ष देऊ. बस येईल इतक्यात."

डॉक्टर आता म्हातारे झाले आहेत. त्यांनी मला बाहेर काढलं तेव्हा माझी नळी करकरली. एका कानात बोंड घातलं, दुसरं नव्हतंच, म्हणून त्या उघड्या टोकावर अंगठा दाबून धरला. चकती तळहातात घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली. ती केव्हाच गरम झाली होती, तरी धरून ठेवली. मग नातीच्या पोटावर ठेवली. डावीकडे वर, एक मिनिट. डावीकडे खाली, एक मिनिट.

"आजोबा, थांबलं," नात म्हणाली. "आता नाही दुखत. जाऊ?"

"बघा, म्हटलं नव्हतं?" लेक दारात येऊन म्हणाली.

डॉक्टरांचा हात माझ्यावर घट्ट झाला. इतका, की माझा जुना पडदा तडकेल असं मला वाटलं.

"थांब," ते म्हणाले. "दुखत नसलं तरी ऐकू दे."

लेक दारातच थांबली. बाहेर बसचा भोंगा वाजला आणि बस निघून गेली. उजवीकडे वर, एक मिनिट. उजवीकडे खाली, एक मिनिट. मिनिट संपलं तरी त्यांनी मला उचललं नाही.

"काय ऐकू येतंय, आजोबा?"

त्यांनी बोंड कानातून काढलं.

"कारखाना चालू आहे," ते म्हणाले, आणि तिथेच बसून रडायला लागले.

त्यांनी मला पुन्हा खणात ठेवलं नाही. मी माझ्या खुंटीवर आहे. मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. घरात जो रडतो त्याच्याकडे सगळे धावतात, आणि धावावंच. पण जी ओट्याची कड धरून उभी राहते आणि "काही नाही गं" म्हणते, तिच्यासमोरही एकदा बसा. ती हसली तरी उठू नका. "आता बरं आहे" म्हणाली तरी उठू नका. फक्त आधी हात चोळून गरम करून घ्या, गार हात कोणालाच आवडत नाही. चार जागा, चार मिनिटं. त्याहून जास्त वेळ लागत नाही.