गाडी न शिरणारी गल्ली

एंदांग सरकारी कामाला सेमारांग शहरातून निघाली की पिशवीत आधी पळायचे बूट टाकायची, मग कागदपत्रं. दिवसभर कारखान्यांचं सांडपाणी तपासायचं आणि संध्याकाळी तासभर पळायचं. तेवढा एक तास तिला कुणी आग्रह करून खायला घालत नसे.

या गावात मात्र तो तासही तिच्या वाट्याला येईना. हॉटेलातून निघून शंभर पावलं होत नाहीत तोच मागे गाडी लागली. बाटिक कारखान्याचे व्यवस्थापक पाक सुगेंग, म्हणजे सुगेंगसाहेब, यांनी धाडलेली, दिवे लुकलुकवत गोगलगायीच्या चालीनं. ड्रायव्हर तार्नोनं खिडकीतून डोकं काढून तिला 'बू', म्हणजे बाईसाहेब, अशी हाक मारली.

"बू, बसा ना. साहेब म्हणतात, पाहुण्या बाईंना पायी पळवलं तर गावात आमची छी-थू होईल."

"मला कुणी पळवत नाहीये, तार्नो. माझी मी पळतेय."

त्यात समोरून येणारा प्रत्येक स्कूटरवाला विचारी, "कुठे निघालात?" हा तिथला रामरामच, त्याचं काही नाही. पण पळणारी बाई म्हणजे घरी कुणी तरी गेलं असणार! एक जण तर हळहळत मागे बसा म्हणाला. एंदांगचं डोकं तापलं. बेचाळीस वर्षांच्या बाईनं रस्त्यावर तासभर एकटं असू नये, ही कसली गोडीगुलाबीची कैद?

ती नदीच्या अंगाला वळली तसा हॉर्न वाजला.

"तिकडे नको, बू. कुत्री आहेत."

"हाकलीन मी."

"आणि मगरिबची, दिवेलागणीच्या नमाजाची वेळ झालीय. या वेळी नदीवर भुतं असतात."

"तुझ्या साहेबांपेक्षा बरी असतील," म्हणत ती एका बोळात घुसली. गाडी तोंडाशीच अडली.

बोळ संपला तिथे नदी होती आणि ती लालभडक होती. कारखान्याच्या मागच्या भिंतीतून एक नळ धो धो ओकत होता. सकाळी याच कारखान्यात सुगेंगनी तिला नितळ पाणी दाखवलं होतं. तिनं त्याच्या बाटल्या भरून घेतल्या होत्या आणि उद्या सकाळी अहवालावर तिची सही व्हायची होती.

काठावर एक म्हातारी बादली पालथी घालून बसली होती. "कुठे निघालीस, पोरी?"

"हे असं कधीपासून चाललंय, म्बाह?" एंदांगनं त्या आजीला विचारलं.

"रोजचंच. अजान झाली, लोक नमाजाला लागले की सोडतात. आमच्या विहिरीलाही हाच रंग. नातीचे हात खाजवून खाजवून सोलून निघालेत."

"कुणी तपासायला येत नाही?"

"येते की एक बाई सेमारांगहून. जेवते, भेटीचं गाठोडं उचलते, सही ठोकते आणि जाते." म्हातारीनं एंदांगच्या डोक्यावरच्या ओढणीकडे बोट केलं. "हाच रंग बघ. शोभतोय हं तुला."

ओढणी दोन वर्षांपूर्वी सुगेंगनीच दिली होती. जुनी झाली म्हणून ती पळताना वापरायची. एंदांगला संताप आवरेना. अर्धा सुगेंगवर होता, अर्धा स्वतःवर, आणि स्वतःवरचा जास्त झोंबत होता. त्या वेळी तिनं सही केली होती ती मनापासून, पोटभर जेवून.

तिनं हातातल्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून दिलं आणि बाटली नळाखाली धरली.

रात्री सुगेंगनी तिच्यासाठी मांडलेल्या जेवणाच्या टेबलापाशी ती तशीच घामेजलेली, बुटांसकट आली. ताटांच्या मध्ये तिनं लाल बाटली ठेवली. सुगेंग जराही गडबडले नाहीत.

"बू, हा नमुना कायद्यात बसत नाही. ना सील, ना साक्षीदार."

"नाही बसत. म्हणून मी सही करणार नाही आणि उद्या परतही जाणार नाही. उद्या मगरिबला पुन्हा पळायला जाणार, सीलच्या बाटल्या घेऊन."

"जा की," सुगेंग हसले. "उद्या तिथे थेंबही दिसायचा नाही."

"मग परवा जाईन. तेरवा जाईन. माझी बारा दिवसांची रजा शिल्लक आहे, पाक. नदीत न सोडता तुमच्या टाकीत किती दिवसांचं रंगाचं पाणी मावतं?"

सुगेंगनी भाताचं पातेलं पुढे ओढलं. उत्तर दाराशी उभ्या असलेल्या तार्नोकडून आलं.

"दोन दिवसांचं, बू. मी त्याच गल्लीत राहतो."