निरोपाची पाळी

पोलीस ठाण्यात त्याला पाठीमागे सगळे 'निरोप्या' म्हणायचे; तोंडावर मात्र हवालदार. पहारा, बंदोबस्त, कोर्टाची समन्सं पोचवणं, ही कामं त्याला इतरांसारखीच होती. पण हद्दीत कुणी अपघातात गेलं, कुणी नदीत सापडलं, की घरच्यांना सांगायला त्यानंच जायचं. अशी कुणी नेमणूक केली नव्हती. ते आपोआप त्याच्या गळ्यात पडलं होतं.

सुरुवात झाली ती नोकरीत नवा असताना. एका जुन्या जमादाराबरोबर तो कुणाच्या तरी घरी गेला होता. जमादार दारातूनच "जरा सिरियस आहे, तुम्ही निघा" असं काहीबाही बोलून मोकळा झाला, आणि ती बाई नवऱ्यासाठी धुतलेले कपडे पिशवीत भरायला लागली. हवालदाराला ते बघवेना. त्यानं तिला खाली बसवलं आणि सांगितलं, "ताई, ते गेले. हॉस्पिटलात न्यायच्या आधीच गेले." बाईनं हंबरडा फोडला. तो तिथून हलला नाही. तिची बहीण येईपर्यंत शेजारी बसून राहिला.

जमादारानं ठाण्यात येऊन त्याचं कौतुक केलं आणि पुढचा निरोप आला तेव्हा सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

पुढे त्याची एक पद्धतच बसली. दारात उभ्यानं सांगायचं नाही. आडवळणानं बोलायचं नाही. घरात शेगडी चालू असेल तर ती आधी बंद करायची, कारण नंतर तिकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. आणि त्यांचं हक्काचं माणूस आल्याशिवाय निघायचं नाही. या कामात त्याला समाधान नव्हतं असं नाही. एकदा बाजारात एका माणसानं त्याचा हात धरला. "तुम्ही त्या दिवशी माझ्या आईजवळ बसला होता," म्हणाला आणि हात सोडेचना. पोलिसाचा हात असा कोण धरतो? त्या दिवशी हवालदार जरा ताठ मानेनं घरी गेला होता.

पण वर्षं सरली तसं हे काम अंगावर यायला लागलं. ठाण्यातला फोन वाजला की तो हातातला चहा तसाच खाली ठेवायचा. झोपेत तो दात इतके आवळायचा की दाढा झिजल्या. दातांच्या डॉक्टरनं विचारलं, "कसलं टेन्शन आहे का?" तो म्हणाला, "छे, कसलं टेन्शन!" घरी बोलणं कमी कमी होत गेलं. जेवताना बायको काही सांगायची, तो "हं" म्हणायचा, आणि थोड्या वेळानं ती विचारायची, "मी काय म्हणाले?" त्याला सांगता यायचं नाही.

बायको घरीच कपडे शिवायची. मुलगी नोकरीला दुसऱ्या गावी होती आणि रोज मोटारसायकलवरून कामावर जायची. बायकोला ती मोटारसायकल मुळीच पसंत नव्हती.

एका दुपारी हवालदार चष्मा घरी विसरला म्हणून परत आला. ऊन चांगलंच होतं. जिने चढून दम लागला, म्हणून त्यानं टोपी काढून काखेत धरली, बेल वाजवली आणि गप्प उभा राहिला. बायकोनं दार उघडलं. त्याच्याकडे पाहिलं, काखेतल्या टोपीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला. असा चेहरा त्यानं कितीतरी दारांत पाहिला होता. भिंतीला धरत ती खाली बसली. "माझी पोर," एवढंच म्हणाली.

"अगं, चष्मा! चष्मा विसरलो!" तो ओरडला. "पोर बरी आहे. काही झालं नाही!"

तिला ते पटेना. शेवटी त्यानं मुलीला फोन लावून तिच्या कानाशी धरला. "काय गं आई, कामात आहे मी," असं वैतागलेलं उत्तर ऐकल्यावर तिला रडू फुटलं. मग तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या.

"तुम्ही स्वतःला आरशात बघता का कधी? दारात असे उभे राहता की समोरच्याचा जीव जावा! घरी तरी माणसासारखं या ना!"

तो तिच्याजवळ फरशीवर बसून राहिला. चष्मा न घेताच तो परत गेला आणि ठाण्यात पोचला तो सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत.

साहेब त्याच्यापेक्षा वयानं लहान, नुकतेच बदलून आलेले. माणूस कडक, पण ऐकून घेणारा.

"साहेब, निरोपाचं काम माझ्याकडून काढा."

"का हो? तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमतं?"

"म्हणूनच तर अडकलोय. दुसऱ्या कुणाला जमू दिलंच नाही कुणी."

साहेब हसले. "बघू, पुढच्या महिन्यात." तेवढ्यात बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला आणि एक शिपाई आत आला. नव्या इमारतीच्या कामावर एक गवंडी परांचीवरून पडला होता आणि जागीच गेला होता. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान जवळच होतं. सांगून झाल्यावर शिपाई सवयीनं हवालदाराकडे बघायला लागला.

हवालदार खुर्चीतून उठला नाही. "साहेब, आज तुम्ही चला. मी बरोबर येतो. पण बोलायचं तुम्ही."

असं बोलणं त्या ठाण्यात चालत नसे. साहेबांनी क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग टोपी उचलली. "चला."

जीपमध्ये साहेब रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत होते. दुकानासमोर जीप थांबली. वडील एका उलट्या सायकलचं चाक फिरवून बघत होते. पोलीस दिसल्यावर त्यांनी हात पुसले. एक गिऱ्हाईक बाकावर बसलं होतं.

"बाबा, तुमच्या मुलाचा..." साहेब म्हणाले, "जरा अपघात झालाय. कामावर. पडलाय तो."

"पाय मोडला असेल," वडील लगेच म्हणाले. "लहानपणीही मोडला होता झाडावरून. ऐकतो कुणाचं? कुठल्या दवाखान्यात नेलाय?"

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराच्या ओठांवर शब्द आले होते, पण त्यानं ते आवरले. गिऱ्हाइकाला हळूच बाजूला घेतलं आणि वडिलांसमोर स्टूल सरकवलं. साहेबांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले.

"बाबा, पाय नाही. तो गेला. जागच्या जागी गेला."

म्हातारा रडला नाही. समोरचं चाक अजून फिरत होतं. ते त्यानं हातानं थांबवलं. "याला उद्या यायला सांगा," तो गिऱ्हाइकाबद्दल म्हणाला. साहेबांनी त्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले. ग्रीसचे काळे डाग त्यांच्या बाह्यांना लागले. शाळेत काम करणारी म्हाताऱ्याची मुलगी येईपर्यंत दोघंही तिथून हलले नाहीत.

परतीच्या वाटेवर साहेबांनी जीप बाजूला घ्यायला लावली.

"किती वर्षं करताय हे?"

"मोजलं नाही, साहेब."

"आणि आल्यावर काय करता?"

"पुढच्या कामाला लागतो. दुसरं काय करणार?"

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं: निरोपाला आता पाळीपाळीनं जायचं, दोघांनी मिळून जायचं, आणि आल्यावर त्या दिवशी दुसरं काम नाही. वरच्या कार्यालयानं त्या सुट्टीला नकार दिला. साहेबांनी ती 'तपासकामी बाहेर' म्हणून दाखवायला सुरुवात केली. काही जणांनी कुरकुर केली. एकजण तर निरोप आला की हमखास संडासात जाऊन बसायचा. पण हळूहळू सगळ्यांच्या पाळ्या होऊ लागल्या. नव्या लोकांना शिकवायचं काम हवालदाराकडे आलं.

शिकवताना तो फार बोलायचा नाही. दार, शेगडी, सरळ शब्द, हक्काचं माणूस, एवढंच. बाकीचं ज्याचं त्यानं.

ठाण्यात एक तरुण शिपाई मुलगी होती. तिचं तोंड कधी मिटत नसे म्हणून तिला 'रेडिओ' म्हणायचे. तिला पाठवायला हवालदाराचं मन धजत नव्हतं. पण तिची पाळी आली आणि ती दुसऱ्या एका शिपायाला घेऊन गेली. त्या घरातल्या मोठ्या सुनेचा नंतर ठाण्यात फोन आला. म्हणाली, "ती पोरगी होती म्हणून सासूबाई सावरल्या." हे ऐकून हवालदाराला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर कुठेतरी जरासं टोचलंही. आपल्यावाचून अडलं नाही, याचं ते टोचणं होतं. त्याला स्वतःचंच हसू आलं.

त्या दिवशी रेडिओ परत आली ती डबा घेऊन त्याच्याच टेबलाशी बसली. डबा उघडला नाही. बोलत सुटली: त्या घराच्या भिंतींचा रंग, म्हातारीनं मांडीवर घेतलेलं मांजर, आपण पाणी मागितलं हे चुकलं का. मध्येच थांबली.

"हवालदारकाका, तुम्ही नंतर काय करायचात?"

"काही नाही. गप्प बसायचो."

"बरं वाटायचं त्यानं?"

"छे, मुळीच नाही."

"मग मी बोलू अजून?"

हवालदारानं समोरची समन्सं एका बाजूला सारली आणि खुर्ची तिच्याकडे वळवून घेतली. "बोल," तो म्हणाला. "मांजराचं काय म्हणत होतीस?"